निदानाचा पडदा : क्ष-किरण चित्रातील छटा आणि रंगाचा खरेपणा

साडीला जुळणारे ब्लाऊज पीस घेण्यासाठी मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली गृहिणी दुकानातील ट्यूबलाइटच्या उजेडात कापड पसंत करते आणि तरीही पैसे देण्यापूर्वी ते दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात पुन्हा एकदा पाहते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांच्या बाजारपेठांत हे दृश्य नित्याचे असून दुकानदारही त्यास कधी हरकत घेत नाही. त्या गृहिणीने प्रकाशशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसते. परंतु रंग केवळ वस्तूत नसून पाहण्याच्या उजेडावरही अवलंबून असतो, हे तिला पुरते ठाऊक असते. भिन्न रंगद्रव्यांनी रंगविलेली दोन कापडे एका उजेडात तंतोतंत सारखी व दुसऱ्या उजेडात स्पष्ट वेगळी दिसू शकतात. शास्त्रज्ञ या प्रकारास ‘मेटॅमेरिझम’ म्हणतात. बाजारात त्याला ‘उजेडाचा घोळ’ म्हटले तरी अर्थ तोच.

आपल्या परिसरात तर रंग हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. ठाण्याजवळ कोलशेत येथे रंगद्रव्ये तयार होत असत, रेमंडच्या आता बंद झालेल्या गिरणीत लोकरी कापडाच्या छटा जुळविल्या जात असत आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग-रसायनांचे कारखाने दीर्घकाळ चालत आले आहेत. या व्यवसायात ‘शेड’ जुळविणे हे नजरेचे काम असले तरी ते केवळ नजरेवर कधी सोडले जात नाही. ठरावीक दिवे बसविलेल्या पेटीत नमुना ठेवून तो पाहावा, शेडकार्डाशी ताडून घ्यावा आणि शेवटी स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजावा, अशी तेथील शिस्त आहे. (रंगाची दुसरी, कमी सुखावह बाजूही डोंबिवलीकरांनी पाहिली आहे. जानेवारी २०१४ मधील हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मधील औद्योगिक वसाहतीतील गुलाबी रस्ता अनेकांच्या स्मरणात असेल. त्या रस्त्याचे एकच छायाचित्र ज्यांनी दोन वेगळ्या मोबाइलवर पाहिले असेल, त्यांना एका पडद्यावर राणी रंग आणि दुसऱ्यावर फिकट गुलाबी दिसला असल्यास नवल नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेथेच सुरू होतो.)

कापडाची छटा चुकली तर कापड बदलून मिळते. रुग्णालयात संगणकाच्या पडद्यावर जेव्हा छातीचे क्ष-किरण चित्र, सी. टी. स्कॅन किंवा ऊतकाचा नमुना उघडला जातो, तेव्हा त्या पडद्यावर दिसणारी छटा खरी आहे की नाही, या प्रश्नाचे मोल निराळे असते. या विषयाची माहिती सर्वसामान्य वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचते. रुग्णालयाला मिळालेल्या नव्या यंत्राविषयी सर्वांना कुतूहल असते. ते यंत्र जे पाहते ते अखेर ज्या पडद्यावर उमटते, त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

फिल्म गेली, आकडे आले

पूर्वी क्ष-किरण चित्र म्हणजे एक वस्तू होती. फिल्मवरील चांदीच्या कणांनी काळ्या-पांढऱ्या छटा कायमच्या पकडून ठेवलेल्या असत. डोंबिवलीत काढलेली फिल्म मोठ्या लिफाफ्यात घालून रुग्णाचा नातेवाईक लोकलने परळला किंवा शीवला घेऊन जाई आणि तेथील डॉक्टर तीच फिल्म आपल्या व्ह्यू बॉक्सवर लावीत. बॉक्समधील नळ्या जुन्या होऊन पिवळट झाल्या असतील तर चित्र थोडे मंद दिसे; पण दोन छटांमधील नाते फिल्ममध्येच गोठलेले असल्याने ते बदलत नसे. अगदी काळ्या भागात काही दडले आहे असा संशय आल्यास डॉक्टर फिल्म प्रखर दिव्यासमोर धरीत.

आज क्ष-किरण यंत्रातील संवेदक फिल्म तयार करीत नाही, आकडे तयार करतो. चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी एक संख्या नोंदविली जाते व साधारणतः तिला ४०९६ पायऱ्या उपलब्ध असतात. म्हणजे चित्र ‘काढले’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात संख्यांचा एक तक्ता साठविलेला असतो. त्या संख्यांना प्रकाशाचे रूप देण्याचे काम पडदा करतो आणि प्रत्येक पडदा ते आपापल्या परीने करतो. संगीताच्या स्वरलिपीसारखाच हा प्रकार होय. लिपी एकच असली तरी वाद्य नीट लावलेले नसेल तर ऐकणाऱ्याच्या कानी दुसरेच काही पडेल. फिल्मच्या काळात चित्र रुग्णाच्या हातात असे. आता ते दर वेळी, दर पडद्यावर, नव्याने घडते.

याचा व्यावहारिक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. फुप्फुसाभोवती हवा साचली असता छातीच्या चित्रातील काळ्या भागात केसासारखी एक बारीक रेषा दिसते. क्षयरोगाचा आरंभीचा पुसट डाग पुष्कळदा फुप्फुसाच्या शेंड्यावर, गळपट्टीच्या हाडाआड असतो. हृदयाच्या पांढऱ्या सावलीमागे लपलेली लहान गाठ ही तिसरी अवघड जागा. या तिन्ही ठिकाणी रोगी भाग आणि निरोगी भाग यांच्यातील फरक अवघ्या काही छटांचा असतो. पडद्याने शेजारच्या छटा एकमेकींत मिसळून टाकल्या तर चित्र दिसायला अगदी स्वच्छ असते, कशात काही बिघडल्याचे लक्षण नसते, पण ती रेषा तेथे नसते. बिघडलेले यंत्र निदान बंद तरी पडते. चुकीचा पडदा चालूच राहतो.

पडदा रंग कसा निर्माण करतो

आजच्या सपाट पडद्याच्या मागे प्रकाशाचा स्रोत असतो. पूर्वी त्या ठिकाणी बारीक फ्लुओरेसंट नळ्या असत, आता बहुधा एलईडी असतात. त्या प्रकाशासमोर द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो व तो लक्षावधी सूक्ष्म झडपांचे काम करतो. विद्युतदाबाप्रमाणे प्रत्येक झडप कमी-अधिक प्रकाश पुढे सोडते. झडपेसमोर तांबडी, हिरवी किंवा निळी काच बसविलेली असते आणि अशा तीन झडपा मिळून पडद्याचा एक बिंदू होतो. प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या दिल्या की तिन्हींच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ रंग सांगता येतात. जाहिरातीत ‘एक कोटी साठ लाख रंग’ असे जे लिहिलेले असते ते हेच.

परंतु सांगता येणे आणि दाखविता येणे यांत अंतर आहे. संगणक पडद्याला ‘तांबडा २००, हिरवा १२०, निळा ९०’ अशी आज्ञा देतो. या आज्ञेत तांबडा म्हणजे नेमका कोणता तांबडा, तिन्ही रंग पूर्ण उघडले असता होणारा पांढरा रंग किती निळसर वा पिवळसर, आणि २०० या पायरीवर १०० च्या किती पट प्रकाश अपेक्षित आहे, यांपैकी काहीच सांगितलेले नसते. ही तीन उत्तरे प्रत्येक पडद्याची वेगळी असतात. एकाच कंपनीच्या एकाच दिवशी तयार झालेल्या दोन पडद्यांचीही ती पूर्णपणे जुळत नाहीत.

म्हणून प्रथम रंगासाठी कोणत्याही यंत्रावर अवलंबून नसलेले माप हवे. ते माप मानवी डोळ्यावर बेतलेले आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात आणि त्यामुळे तीन आकड्यांनी कोणताही रंग सांगता येतो. विल्यम डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे प्रयोग करून सामान्य नजरेची माणसे तीन दिव्यांच्या मिश्रणातून एखादा रंग कसा जुळवितात याची मोजमापे घेतली. राइट यांच्या प्रयोगात १० व गिल्ड यांच्या प्रयोगात ७ व्यक्ती होत्या. या अवघ्या १७ व्यक्तींच्या नजरेवर आधारलेला ‘प्रमाण निरीक्षक’ आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये स्वीकारला आणि आजतागायत जगातील बहुतेक रंगमापन त्यावरच उभे आहे. डोंबिवलीच्या रंगशाळेतील स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि रुग्णालयातील पडदा हे दोघेही अखेर त्याच १७ जणांना साक्षीला बोलावतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

पांढऱ्या रंगाचेही प्रमाण ठरलेले आहे. सुमारे ६५०० केल्व्हिन तापमानाच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाशी मिळत्याजुळत्या पांढऱ्यास ‘डी ६५’ म्हणतात. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी हाच पांढरा धरून ‘एस-आरजीबी’ हे सामान्य पडद्यांसाठीचे प्रमाण मांडले. त्यापूर्वी, १९९३ मध्ये, काही कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन केला होता. त्या संघाने ठरविलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक पडद्यासोबत त्याच्या स्वभावाची नोंद असलेली एक छोटी फाईल ठेवता येते. तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. प्रोफाइल हा एक प्रकारचा दुभाषी आहे. तो पडद्याला सुधारीत नाही. ‘हा पडदा तांबड्याला जरा जास्तच ओढतो, तेव्हा त्याला कमी सांगा’ एवढेच संगणकाच्या कानात सांगतो. दुभाष्याचे म्हणणे ऐकणारी संगणकप्रणाली असली तरच त्याचा उपयोग, हेही ओघाने आलेच.

व्यावसायिक पडद्यात अधिक काय असते

महाग पडदा म्हणजे अधिक भडक व अधिक चकचकीत पडदा, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. दुकानात मांडलेले पडदे ग्राहकाची नजर वेधण्यासाठी मुद्दाम प्रखर व गडद ठेवलेले असतात. व्यावसायिक पडदा त्यांच्या शेजारी काहीसा निस्तेजच वाटेल. त्याचे वैशिष्ट्य सौंदर्यात नसून शब्द पाळण्यात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे असा प्रत्येक पडदा कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी स्वतंत्रपणे मोजलेला असतो. मोजमापातून निघालेला दुरुस्तीचा तक्ता पडद्याच्या आतच साठविला जातो. संगणकाकडून आलेली २५६ पायऱ्यांची आज्ञा या तक्त्यातून जाते आणि तिच्यासाठी हजारो बारीक पायऱ्यांतून योग्य ती निवडली जाते. हा तपशील किरकोळ वाटला तरी सर्व मर्म त्यात आहे. साध्या पडद्यावर दुरुस्ती करावयाची तर त्या २५६ पायऱ्यांतच सरकवासरकव करावी लागते; काही पायऱ्या गळतात, काही दोनदा येतात आणि सौम्य छटांच्या जागी पट्टे दिसू लागतात. अनुभवी शिंपी कापड आधी थोडे जास्त घेतो ते याचसाठी. माया ठेवली नसेल तर नंतर उसवून दुरुस्त करता येत नाही.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. पडद्यामागील दिवा सुरू केल्याबरोबर स्थिर होत नाही. त्याला साधारण अर्धा तास लागतो. शिवाय तो वर्षागणिक मंदावत जातो आणि त्याचा पांढरा रंग हळूहळू बदलतो. हा बदल इतका संथ असतो की रोज त्यासमोर बसणाऱ्यास तो कधीच कळत नाही. व्यावसायिक पडद्यात दिव्याचा प्रकाश सतत मोजणारा संवेदक बसविलेला असतो व तो दिव्याला आवश्यक तेवढी अधिक शक्ती पुरवितो. त्यासाठी पडदा पहिल्या दिवसापासून आपल्या कमाल क्षमतेच्या बराच खाली चालविला जातो. राखीव शक्ती वर्षानुवर्षे थोडी थोडी खर्च होते आणि ती संपली की पडदा दिसण्यात ठीक असूनही निदानाच्या कामातून निवृत्त करावा लागतो.

पडद्याच्या मध्यभागी आणि कोपऱ्यांत प्रकाश सारखा नसतो, तोही भागशः दुरुस्त केलेला असतो. तसेच समोरून पाहणाऱ्या व बाजूस उभ्या असलेल्या व्यक्तीस चित्र सारखेच दिसावे म्हणून ‘आयपीएस’ जातीचे पडदे वापरले जातात. वरिष्ठ डॉक्टर बसलेले आणि शिकाऊ डॉक्टर खुर्चीमागे उभे, हे रुग्णालयातील नेहमीचे चित्र आहे. त्या दोघांना दोन वेगळी चित्रे दिसू नयेत एवढाच हेतू.

एवढे सारे करूनही पडद्यावर विश्वास ठेवायचा नसतो, तो तपासायचा असतो. त्यासाठी पडद्यावर एक लहान प्रकाशमापक टेकवितात. पडदा एकेक छटा दाखवीत जातो, मापक ती मोजतो आणि अपेक्षित व प्रत्यक्ष यांतील फरक काढून आतील तक्ता नव्याने लिहिला जातो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. रंगातील हा फरक ‘डेल्टा ई’ या एककात सांगतात. ढोबळमानाने १ एवढा फरक दक्ष नजरेला जेमतेम जाणवतो; त्याहून कमी असल्यास दोन रंग एकच समजावेत.

करड्या रंगाचे व्याकरण

रेडिओलॉजी विभागात मात्र रंगापेक्षा करड्या छटांचे महत्त्व अधिक आहे आणि या बाबतीत वैद्यकाने इतर क्षेत्रांपेक्षा निश्चित पाऊल टाकले आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांची चित्रे वाचावीत म्हणून ‘डायकॉम’ हे प्रमाण निर्माण झाले. त्याचा चौदावा भाग केवळ पडद्यावरील करड्या छटांविषयी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो आला.

त्यामागील विचार समजण्यास दिवाळीच्या पणत्या पुरेत. अंधाऱ्या अंगणात एक पणती असताना दुसरी लावली की फरक तत्काळ जाणवतो. पन्नास पणत्या तेवत असताना एक्कावन्नावी लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रकाशातील वाढ दोन्ही वेळा एका पणतीचीच असते; डोळा मात्र प्रमाण पाहतो. म्हणून संख्येच्या समान पायरीला प्रकाशाची समान पायरी देणे निरुपयोगी आहे. डच संशोधक पीटर बार्टेन यांनी डोळ्याच्या या क्षमतेचे गणिती सूत्र मांडले होते. त्याच्या आधारे डायकॉमने दर चौरस मीटरला ०.०५ ते सुमारे ४००० कँडेला या व्याप्तीत (कँडेला हे नाव मेणबत्तीवरूनच आले आहे) १०२३ पायऱ्या आखल्या. लगतच्या दोन पायऱ्यांत सर्वसाधारण डोळ्यास जेमतेम जाणवेल एवढाच फरक असतो. प्रत्येक पडद्याने आपल्या आवाक्यात येणाऱ्या पायऱ्या घ्याव्यात व चित्रातील छटा त्यांवर समान अंतराने पसराव्यात, एवढाच नियम.

असे केल्याने गडद भागातील दोन छटांमधील फरक आणि उजळ भागातील दोन छटांमधील फरक डोळ्याला सारखाच जाणवतो. फुप्फुसाच्या काळोखातील रेषा आणि हृदयामागील गाठ या दोघींना सारखा न्याय मिळतो. त्याहून मोठा लाभ असा की, कल्याणच्या रुग्णालयातील पडदा व दूरवरच्या तज्ज्ञाच्या घरातील पडदा कमी-अधिक प्रखर असले तरी छटांमधील नाते दोन्हीकडे जवळपास एकसारखे राहते. फिल्मने जे नाते गोठवून ठेवले होते ते डायकॉमने असे नियमाने परत आणले. रात्री काढलेला सी. टी. स्कॅन दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाने वाचण्याची सोय आता सर्वत्र रूढ झाली असल्याने या नियमाचे महत्त्व वाढले आहे.

प्रखरतेलाही किमान मर्यादा आहे. अमेरिकेतील रेडिओलॉजी महाविद्यालय व सहयोगी संस्थांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदानासाठीच्या पडद्याची कमाल प्रखरता दर चौरस मीटरला निदान ३५० कँडेला असावी आणि स्तनांच्या तपासणीसाठी, म्हणजे मॅमोग्राफीसाठी, ती ४२० असावी. वॉर्डात वा बाह्यरुग्ण विभागात केवळ चित्र पाहण्यासाठी २५० पुरेसे मानले जाते. या भेदातच एक शहाणपण आहे. प्रत्येक टेबलावर महागडा पडदा हवा असे कोणी म्हटलेले नाही. ज्या पडद्यावर अहवाल लिहिला जातो तो एक वा दोन पडदे काटेकोर असावेत. माझ्या मते साधा परंतु नियमित तपासलेला पडदा हा महाग घेऊन नंतर विसरून गेलेल्या पडद्यापेक्षा अधिक विश्वासार्ह होय. येथे एक अडचण प्रांजळपणे नमूद करावीशी वाटते. सोनोग्राफी यंत्रावर देणगीदाराच्या मातोश्रींचे नाव कोरता येते. मुठीत मावणाऱ्या प्रकाशमापकावर कोणाचेच नाव मावत नाही, त्यामुळे धर्मादाय संस्थांच्या खरेदीच्या यादीत तो बहुधा शेवटी असतो.

जेथे रंगच निदान करतो

रंगीत चित्रांच्या बाबतीत वैद्यकीय क्षेत्राला अद्याप एवढे एकमत साधलेले नाही. ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगद्रव्यांनी रंगवितात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि उरलेला भाग गुलाबी होतो. केंद्रक किती गडद आहे यावरून कर्करोगाविषयी मत बनविले जाते. परंतु रंगद्रव्याची बाटली बदलली, नमुना द्रावणात दोन मिनिटे अधिक राहिला, स्कॅनर वेगळा असला, की छटा बदलतात. त्यावर पडद्याची भर पडली तर दोष कोणाचा हे सांगणे कठीण. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये फिलिप्स कंपनीच्या यंत्रणेस प्राथमिक निदानासाठी प्रथमच मान्यता दिली, तेव्हा ती केवळ स्कॅनरला नव्हती. स्कॅनर, चित्रे सांभाळणारी प्रणाली आणि पडदा अशी संपूर्ण साखळी मिळून ती मान्यता होती. पडदा हा उपकरणाचा भाग आहे, फर्निचरचा नव्हे, हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले.

मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाच्या छायाचित्रात तांबूस पार्श्वभूमीवर तांबडे सूक्ष्म ठिपके शोधावयाचे असतात. पडद्याने लाल रंग भडक केला तर पार्श्वभूमीच ठिपके गिळून टाकते. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ पुष्कळदा तांबडा रंग वगळून केवळ हिरव्या प्रकाशातील चित्र पाहतात. दुर्बिणीने जठराची तपासणी करण्यापूर्वी तंत्रज्ञ दुर्बिणीचे टोक पांढऱ्या गॉझसमोर धरून ‘पांढरा म्हणजे हा’ असे यंत्राला शिकवितो. मॅचिंग सेंटरमधील गृहिणीच्या दाराशी जाण्याचेच हे दुसरे रूप. रेल्वेचा इंजिनचालक नेमताना सिग्नलचे रंग ओळखण्याची क्षमता इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर तपासतात. ते तक्ते कागदावर विशिष्ट शाईने छापलेले असतात. मोबाइलवर उघडलेल्या इशिहारा तक्त्यावरून स्वतःविषयी निष्कर्ष काढणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे सर्वांत चिंतेचा विषय तोंडातील चट्ट्यांचा आहे. तंबाखू व गुटख्याच्या सवयीमुळे (राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सवय संपलेली नाही) तोंडात पांढरे वा लाल चट्टे उठतात. त्यांतील लाल चट्टा कर्करोगाच्या दृष्टीने अधिक धोक्याचा समजला जातो. रुग्ण मोबाइलने तोंडाचे छायाचित्र काढून डॉक्टरांना पाठवितो. पिवळ्या दिव्याखाली मोबाइल स्वतःच रंगाचा समतोल साधू पाहतो, पाठविताना चित्र आकुंचित होते, आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलवर रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळसर आवरण चढलेले असते. या तीन टप्प्यांनंतर लाल आणि गुलाबी यांतील भेद कितपत उरेल? असे छायाचित्र ‘डॉक्टरांना भेटा’ एवढे सांगण्यास पुरेसे आहे. ‘काही नाही, घाबरू नका’ असे सांगण्यास मुळीच नाही.

हीच गोष्ट नवजात बालकाच्या काविळीची. बाळाची कातडी व डोळ्यांचा पांढरा भाग खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहावा, असे परिचारिका मातांना सांगतात. पिवळट दिव्याखाली पिवळेपणा लपतो. एकमेकींस खेटून उभ्या असलेल्या इमारतींतील तळमजल्यावरच्या खोल्यांत तो उजेड मिळविण्यासाठी बाळाला गच्चीवर वा गॅलरीत न्यावे लागले तरी न्यावे, आणि शंका वाटल्यास रक्ततपासणी टाळू नये.

खोली, वीज आणि वहीतील नोंद

पडदा कितीही चांगला असला तरी तो ज्या खोलीत आहे तिचा उजेड त्यावर पडतोच. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन पडद्यावर आले की काळ्या भागात प्रकाश मिसळतो आणि अगदी गडद छटा प्रथम नाहीशा होतात. म्हणजे फुप्फुसातील ती बारीक रेषा प्रथम बळी पडते. अहवाल लिहिण्याची खोली मंद उजेडाची असावी, पडद्यासमोर खिडकी वा दिवा नसावा, आणि पांढरा कोट घातलेल्या व्यक्तीचे प्रतिबिंबही काचेवर उमटते, हे विसरू नये. खोलीचा उजेड ठरला की कॅलिब्रेशन त्या उजेडातच करावे लागते.

२००५ नंतरची काही वर्षे ठाणे जिल्ह्याने भारनियमनाची झळ सोसली. जनित्रावर यंत्रणा पुन्हा सुरू होई, संगणक काही मिनिटांत तयार होई आणि काम लगेच पुढे चालू होई. पडद्यामागील दिवा मात्र अद्याप तापलेला नसे. आज ती परिस्थिती पूर्वीसारखी नसली तरी पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रसंग येतातच. अशा वेळी तातडीचा रुग्ण नसेल तर सूक्ष्म चित्रे अर्ध्या तासाने वाचावीत, ही पद्धत उपयुक्त ठरते.

रोजच्या तपासणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. या कामासाठी तयार केलेले चाचणीचे चित्र पडद्यावर उघडतात. त्यात संपूर्ण काळ्या चौकोनाच्या आत ५ टक्के उजळ असा लहान चौकोन असतो आणि संपूर्ण पांढऱ्या चौकोनाच्या आत ९५ टक्के उजळ असा दुसरा. दोन्ही लहान चौकोन स्पष्ट दिसले पाहिजेत. त्यांतील एक जरी दिसेनासा झाला, तरी त्या दिवशी त्या पडद्यावर अहवाल लिहू नये आणि तंत्रज्ञास बोलवावे. सकाळी दिवे लावल्यावर हे काम एका मिनिटात होते. वहीत तारीख, पाहणाऱ्याची सही व ‘दोन्ही दिसले’ एवढी नोंद पुरते; मापकाने केलेल्या मोजणीची नोंद तिच्याच शेजारच्या रकान्यात ठेवावी, म्हणजे दिव्याचा उतार किती वेगाने होत आहे हे कळते आणि नव्या पडद्यासाठी आर्थिक तरतूद वेळेवर करता येते.

रुग्णांनी व नातेवाइकांनी एवढेच करावे की, दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ कागदावरची छापील प्रत किंवा खिडकीशी धरलेल्या फिल्मचा मोबाइलवरील फोटो नेऊ नये. मूळ चित्रांची सीडी वा पेन ड्राइव्ह मागून घ्यावा. त्यात मूळच्या ४०९६ पायऱ्या शाबूत असतात आणि पुढचा डॉक्टर आपल्या तपासलेल्या पडद्यावर त्यांतील हवा तो भाग उजळ करून पाहू शकतो. छापील प्रतीत त्या पायऱ्या एकदा गळाल्या की पुन्हा मिळत नाहीत. सीडी पाकिटात घालताना तिच्यावर रुग्णाचे नाव व तारीख लिहिलेली आहे ना, हे तेथेच, खिडकीशी उभे असताना, पाहून घ्यावे.